समोरची काच

मंगळवार, ९ सप्टेंबर

ही वही मुग्धाने दिली. तिच्या कॉलेजची चित्रकलेची वही, एकही ओळ आखलेली नाही. चार शब्द लिहिले की माझं अक्षर उजवीकडे खाली घसरतं. मुग्धा माझ्या भावाची मुलगी. चित्रकला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे आणि नंदनवन वस्तीत माझ्या घरीच राहते. म्हणाली, "आत्या, तू दिवसभर मनातल्या मनात भांडत राहते अन् संध्याकाळी मले ऐकवते. ते कागदावर भांड, म्हणजे माझे कान वाचतील." लिहायला बसलं की माझी शाळेतली मराठी बाहेर येते, बोलताना घरची. असो.

तर भांडण असं आहे. बर्डीच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. शोकेस रामाजी सजवायचे. गेल्या महिन्यात ते मुलाकडे पुण्याला गेले आणि अमोलभाऊंनी, म्हणजे आमच्या तरुण मालकांनी, ते काम मला दिलं. मी उत्साहात एका काचेमागे चौदा साड्या लावल्या. भाऊ आज रस्त्यावर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"कामिनीताई, हे शोकेस आहे का वाळवण?"

"गिऱ्हाइकाले सगळं दिसाले पाहिजे न."

"काहीच दिसून नाही राहिलं. दिवाळीपर्यंत पाहतो. नाहीतर तिथं मोठी स्क्रीन बसवतो. त्यात साडी नेसलेली पोरगी दिवसभर गोल गोल फिरते. मग तुम्ही खाली, फॉल-पिकोच्या टेबलावर."

फॉल-पिकोचं टेबल तळघरात आहे. तिथे भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे, आणि बघण्यासारखं दुसरं काही नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मुग्धाच्या नोट्स वाचल्या. चित्राचे घटक म्हणे रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश. ते कसे मांडायचे त्याची तत्त्वं तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य. मी म्हटलं, यात नवीन काय? काठ म्हणजे रेषा, बुट्टी म्हणजे आकार, कोशाच्या रेशमाचा खरखरीतपणा म्हणजे पोत. हे मी एकोणीस वर्षं विकते आहे, फक्त यांची नावं मला कोणी सांगितली नव्हती.

अवकाशाशी मात्र अडले. "मोकळी जागा ही पण एक वस्तूच असते, आत्या."

"म्हणजे रिकामी जागा विकाची?"

"हाव. तीच विकाची."

पोरगी चेष्टा करते आहे असं वाटलं. तिच्या चेहऱ्यावर तर काही दिसत नव्हतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

तेरा साड्या काढल्या. एकच ठेवली. लाल करवतकाठी, काठाला करवतीसारखे दाते असलेली; पदर वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरपा सोडला. बाकी काचेत नुसती पांढरी भिंत.

अमोलभाऊ आले आणि दारातच थांबले. "माल संपला का आपला?"

पितृपक्ष चालू आहे, दुकानात माश्यासुद्धा नाहीत. पण दुपारी एक बाई आत आली आणि विचारू लागली, दुकान बंद होऊन राहिलं का म्हणून. नाही म्हटलं. मग ती बसली आणि तासभर साड्या पाहत राहिली. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी माझ्या बाजूने धरलं आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर

संताप! समोरच्या दुकानातही आज एकच साडी. हिरवी. पदर तिरपा, पण उलट्या दिशेने. परवापर्यंत त्यांच्याही काचेत माझ्यासारखंच वाळवण होतं.

समोरच्यांची माहिती लिहून ठेवते. मालक दुर्गेशशेठ. त्यांचा पुतण्या पियूष, पुण्याहून डिझाइन शिकून आलेला, केसांची घोड्यासारखी शेपटी बांधतो आणि सतत मोबाइलमध्ये. हे काम त्याचंच. आणि दारापाशी स्टुलावर बसणारी शेठची आई, सुभद्राबाई. आज तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी मान फिरवली. शत्रुपक्षाशी ओळख नको.

त्यांच्याच दारासमोर फुटपाथवर इंदूबाई क्लिपा आणि हातरुमाल विकते. ती सकाळी सर्वांच्या आधी येते. तिला विचारलं, "त्या पोराले कधी साडी लावताना पाहिलं का वं?"

"पोराले? नाही बाप्पा," ती म्हणाली आणि क्लिपांच्या कार्डावरची धूळ पुसत बसली. हसत होती. कशाला ते कळलं नाही.

मुग्धा म्हणते, रंगांच्या चक्रात लालच्या बरोबर समोर हिरवाच येतो. "त्यानं कॉपी नाही केली, उत्तर दिलं."

"मी प्रश्न कधी विचारला होता?"

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज लय. एकाच साडीच्या सात निऱ्या पंख्यासारख्या उभ्या केल्या. डावीकडे सगळ्यात लहान, मग वाढत वाढत उजवीकडे सगळ्यात मोठी. तिसरी निरी सारखी घसरते. चार वेळा पीन लावली.

शनिवार, २० सप्टेंबर

समोर सात निऱ्या. सगळ्यात मोठीपासून सुरुवात, मग लहान होत गेलेल्या. एक जोडपं रस्त्याच्या मधोमध उभं राहून मोबाइलवर दोन्ही काचा एकत्र टिपत होतं. मागे ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. पोरगी म्हणत होती, "पाहा न, इकडून चढते अन् तिकडून उतरते." माझ्या अर्ध्या डोंगराला त्याने उतार लावून दिला होता!

रस्ता ओलांडून थेट आत गेले. पियूष मोबाइलमध्ये.

"बाळा, स्वतःचं डोकं चालवाव माणसानं."

"काय झालं काकू?"

"निऱ्या! सात! काहून सातच?"

त्याने काचेकडे असं पाहिलं जसं तिथे शोकेस आहे हे त्याला आजच कळलं. "काकू, मी तर फक्त ऑनलाइनचं पाहतो."

काय अभिनय! मागे स्टुलावर सुभद्राबाई पदरात तोंड घालून बसली होती, खांदे हलत होते. मला वाटलं खोकला. मग ती म्हणाली, "पोरी, तुह्या त्या तिसऱ्या निरीले पीन खालून लाव. वरून लावली का रुसते ते."

एवढी वर्षं दुकानात बसल्यावर म्हातारीलाही चार गोष्टी कळणारच. परत येऊन पीन खालून लावली. निरी जागची हलली नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सापळा लावला. असं काहीतरी करायचं की चोराला चोरायची लाज वाटावी. पुतळ्याला नेसवून रस्त्याकडे पाठ करून उभा केला. मुग्धा म्हणते हा विरोध. मी म्हणते हा रुसवा.

अमोलभाऊ ओरडले, "नवरात्रात गिऱ्हाइकाकडे पाठ?"

पण पाठीवरून सोडलेला पदर एरवी काचेत दिसतच नाही. बायका तो बघायलाच थांबल्या. आतही आल्या. मी भाऊंकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

समोरच्या पुतळ्याने नाक काचेला लावलं आहे. अख्खा पुतळा पुढे झुकवून मागून दोरीने बांधला आहे, एक हात कपाळावर आडवा, आणि डोळ्यांवर चक्क चष्मा. जाड भिंगांचा, एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. असा बघतो आहे माझ्या पाठमोऱ्या बाईकडे, की "काय झालं वं, काहून रुसली?"

मी इतक्या मोठ्याने हसले की आतून सगळे बाहेर आले. मग आठवलं की आपल्याला राग यायला हवा होता. तोवर उशीर झाला होता.

एक गोष्ट खटकली. सुभद्राबाई आज पेपर हातभर लांब धरून बसली होती, शेवटी इंदूबाईकडून वाचून घेतला. बिचारीचा चष्मा हरवला असेल. पियूषला आजीचा चष्मा शोधून द्यायला वेळ नाही, पण पुतळ्याला घालायला वेळ आहे. आजकालची पोरं!

सोमवार, ६ ऑक्टोबर

बरेच दिवस वही उघडली नाही. नवरात्र आणि दसऱ्याच्या गर्दीत पाय भरून यायचे. पण काचेचं चालूच होतं. मी तीन पुतळे मोठ्यापासून लहानापर्यंत उभे केले, समोर तीन पुतळे उतरत्या क्रमाने खाली बसले. मी फक्त पांढरी साडी लावली, समोर फक्त काळी. लोक आता मुद्दाम येतात, आधी आमच्याकडे बघतात, मग वळून तिकडे. मानांचा नुसता लंबक झाला आहे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी हल्ली गिऱ्हाइकांसाठी सजवत नाही. पदर सोडते तेव्हा मनात असतं, याला काय उत्तर देशील? मग सकाळी मेट्रोच्या पायऱ्या उतरून जवळजवळ धावतच येते. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने शेपटीवाल्या पोराच्या नादी लागावं, हे बरं दिसत नाही. मुग्धाला सांगितलं. ती म्हणाली, "तू पोराची वाट पाहते का उत्तराची?"

उत्तराचीच. पण उत्तर कोणीतरी देतंच ना.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

समोरच्या काचेवर कालपासून खाकी कागद. माझ्या चौकटींच्या साडीला काही उत्तर नाही. जिंकले म्हणायचं. चहा बेचव लागला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

कागद निघाला. आत स्क्रीन. साडी नेसलेली एक पोरगी गोल गोल फिरते, थांबते, हसते, परत फिरते.

अमोलभाऊ डोळे विस्फारून बघत होते. "ताई, पाडव्याला आपणही बसवू. यांच्यापेक्षा मोठी." माझ्या महिनाभराच्या कामाबद्दल एक शब्द नाही. दिवाळीनंतर मी तळघरात.

जायचं नव्हतं, तरी गेले. पियूषला म्हटलं, "अभिनंदन. हरला म्हणून मशीन आणली का?"

"काकू, खरंच सांगतो, ते स्क्रीन काकानं आणली. शोकेसले मी कधी हातही नाही लावला. मले पीन पाहूनच कसंतरी होते."

"मग कोण लावत होतं?"

त्याने मोबाइलमधून मान न काढता हनुवटीने दाराकडे दाखवलं.

सुभद्राबाई स्टुलावर बसली होती. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. पदराच्या आतल्या काठाला एका ओळीत वीस-पंचवीस सेफ्टीपिना. महिनाभर मी तिच्याकडे रोज पाहत होते! अक्कल मला कमी नाही, पण ती पायी पायी येते.

"हिरवी साडी तुम्ही लावली?"

"मंग का त्या शेपटीवाल्यानं?" ती म्हणाली. "तीस वर्षं हे काच माही होती वं. गुडघे गेले, तर दुर्गेश म्हणे, बस आता आई. बसली. मंग तू ते लाल साडी लावली. तिरपी. मले राहवलंच नाही पाहा. सकाळी फिराले जातो म्हणून घरून निघत होती अन् झाडूवालीसंग आत येत होती. हे इंदू बाहेर पहारा दे."

इंदूबाई बाहेरून म्हणाली, "तुम्ही पोराचंच विचारलं होतं. म्हातारीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"अन् मले वाटलं तुम्ही भांडून राहिल्या," मी म्हटलं.

"भांडतच होती. मजा नाही आली तुले?"

तिने स्क्रीनकडे बघितलं. "आता काय. माही काच त्या भिंगरीले देली."

रस्ता ओलांडताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. ती चांगली नाही. म्हणूनच मला ती फार आवडली आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

अमोलभाऊंना सांगितलं, धनत्रयोदशीला शेवटचं शोकेस करते, पण मदतीला एक बाई लागेल.

"कोण?"

"अनुभवी आहे. वयानं थोडी मोठी."

"करा काय करायचं ते," ते म्हणाले. मी खोटं एक अक्षर बोललेले नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

हात दुखतात, पण आजचं आजच लिहायला हवं.

सुभद्राबाई सकाळी सातला आली. घरी सांगितलं होतं की देवळात जाते. पुतळे आम्ही बाहेर काढले. ठरवलं होतं की काचेत आम्ही दोघीच बसायचं आणि लोकांसमोर साड्या नेसवायच्या. मी म्हटलं, तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला, बरोबर सारखं.

"तराजू थोडीच लावून राहिली? तू जाडी, मी वाळकी. तू मध्याजवळ बस, मी लांब कोपऱ्यात. दोघी सारख्या भरतो मंग." तोल म्हणजे काय ते मुग्धाच्या नोट्समध्ये पानभर आहे. म्हातारीने दोन वाक्यांत संपवलं.

दुकान उघडलं तेव्हा ती मला करवतकाठी नेसवत होती आणि रागावत होती. "पोट आत घे. अजून. श्वास घेऊ नको." मी तिच्या खांद्यावर पदर लावला, तो तिने काढून पुन्हा लावला. मी तिचा काढला. काचेतून आवाज जात नाही, पण भांडण पूर्ण दिसतं. आधी चार बायका थांबल्या, मग वीस. अकरा वाजेपर्यंत रस्ता बंद. समोर ती पोरगी एकटीच फिरत होती. एकही मान तिकडे वळत नव्हती.

अमोलभाऊ गर्दीतून वाट काढत खूश होऊन आले. मग जवळून पाहिलं. "ताई... ह्या तर दुर्गेशशेठच्या आई!"

"हाव."

"मेलो मी."

तेवढ्यात दुर्गेशशेठ रस्ता ओलांडून आलेच. काचेपाशी उभे राहून हातवारे करू लागले. सुभद्राबाईने कानावर हात ठेवून ऐकू येत नाही असं दाखवलं. लोक खोखो हसले. मग ते लालबुंद होऊन आत आले.

"आई, चल घरी! लोक काय म्हणतील? सणाच्या दिवशी समोरच्यांच्या काचेत?"

"आपल्या काचेत जागा नाही न राजा. तिथं ते पोरगी फिरते."

"आई, चल म्हणतो न."

"मी कामावर आहे. सुट्टी सात वाजता होते. मालकाले विचार."

सगळे अमोलभाऊंकडे बघू लागले. त्यांचा चेहरा कोऱ्या लठ्ठ्याच्या पांढऱ्या कापडासारखा झाला होता. म्हणाले, "शेठ, चहा घेता?"

दुर्गेशशेठने चहा घेतला नाही. ते गर्दीकडे बघत राहिले, मग आपल्या स्क्रीनकडे, मग आईकडे. ती तोवर तोंडात दोन पिना धरून माझ्या निऱ्या बसवायला लागली होती. जणू मुलगा निघूनच गेला. काचेत जायच्या लाकडी पायरीवर ते हळूच टेकले.

"लहानपणी हिच्या मांडीवर झोपलो का पदरातली पीन टोचे," ते म्हणाले. कोणाला ते कळलं नाही. मग मोठ्याने, "काय पाहिजे तुले, आई?"

पिना तोंडातून काढायला तिने मुद्दाम वेळ लावला. "काच. अन् लहानी शिडी. अन् सकाळी सातले चाबी. चोरून नाही."

"अन् स्क्रीन?"

"स्क्रीन घरी लाव. तुह्या बायकोले मालिका पाहाले होईल."

सात वाजता ती गेली. शिफ्ट पूर्ण करून, अमोलभाऊंना नमस्कार करून. शेठ तिचा हात धरून रस्ता ओलांडत होते आणि ती त्यांना काहीतरी ऐकवत होती.

भाऊ गल्ल्यामागे नोटा मोजत होते. मी विचारलं, "पाडव्याला आपली स्क्रीन?"

"समोर नसन तर आपल्याले काहून पाहिजे?" ते म्हणाले.

या माणसाचा धंदा कसा चालतो मला माहीत नाही. पण मी तळघरात जात नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. मी भावाकडे जाऊन आले, मुग्धा अजून गावीच आहे.

आज सकाळी आमची काच मोकळी होती. नवीन काहीतरी करायचं म्हणून मी आत चढले. केस विंचरलेले नाहीत, साडी घरची, तोंडात पिना, हातात अर्धवट उलगडलेला पदर. समोर पडदा होता. साडेदहाला तो वर गेला.

आत सगळे पुतळे. सहाच्या सहा. एकालाही धड साडी नेसवलेली नाही, नुसतं पांढरं कापड गुंडाळलेलं. पण प्रत्येकाचा उजवा हात पुढे केलेला, आणि सहाही हात रस्त्यापलीकडे एकाच ठिकाणी रोखलेले. त्यांच्या मागे भिंतीवर लाल काठ ताणून लावलेले, चारही कोपऱ्यांतून निघून त्याच रोखाने येणारे. रेषा डोळ्याला कुठेही नेऊ शकते, हे मी वाचलं होतं. सहा हात आणि चार काठ मिळून त्या म्हातारीने अख्ख्या बर्डीला सांगितलं होतं, तिकडे पाहा.

लोकांनी त्यांच्या काचेत पाहिलं. मग सगळ्या माना एकदम वळल्या. माझ्याकडे.

पळायला जागा नव्हती. खाली उतरायची पायरी मागच्या बाजूला, आणि मागे वळले असते तर साडीचा सुटलेला काठ दिसला असता. म्हणून मी हललेच नाही. हात जिथे होता तिथेच ठेवला, मान थोडी तिरपी केली, डोळे लांब लावले. समोर सुभद्राबाई स्टुलावर बसून दोन्ही हातांनी चष्मा धरून बघत होती आणि इंदूबाईचा हात दाबत होती.

दोन बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. शेजारचं दार सताड उघडं होतं, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"पुतळा किती खरा वाटते न वं," एक म्हणाली.

"खरा आहे, पण केस किती घाण बनवले बाई," दुसरी म्हणाली.

मी श्वास रोखला. खूप रोखला. मग शिंकले.